बीव्हर राहिले तरी चालतील, पाणी उतरलं पाहिजे

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगते. न्यू यॉर्क राज्यात, कॅट्सकिलच्या डोंगरात, डेलावेअर काउंटीत तुम्ही २२ एकर जागा घेतलीत. मधून ओढा जातो. दोन वर्षांपूर्वी तिथे बीव्हर आले, म्हणजे झाडं कुरतडून पाडणारे, पाण्यात राहणारे मोठे कुरतडे प्राणी; त्यांनी ओढ्यावर बांध घातला, आणि आता मागे साचलेलं पाणी सेप्टिकच्या लीच फील्डकडे, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांकडे, सरकतंय. घराकडे जाणाऱ्या तुमच्या खासगी रस्त्याखालची मोरीही ते काटक्या आणि चिखलाने चोंदून टाकतात. सफरचंदाची तीन झाडं गेली. तुम्ही बांध फोडून पाहिलात, तो दोन रात्रींत परत उभा राहिला. शेजारी म्हणतो गोळ्या घाला. आई माळकरी, त्या म्हणतात माझ्या देखत जीव घ्यायचा नाही. आणि तुम्ही विचारताय, यांना कायमचं घालवायचं कसं?

मी मूळची सांगलीकडची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. या राज्याच्या ग्रामीण भागात ओढे, मोऱ्या आणि पाणथळ जागा यांची कामं करते. या कामात बीव्हर टाळून पुढे जाताच येत नाही, त्यामुळे त्यांच्याशी चांगलीच ओळख झाली आहे.

कायमचं घालवणं जमत नाही. तुमच्या जागेत संथ उताराचा ओढा आहे, काठाने विलो, पॉपलर, बर्च आहेत. बीव्हरच्या दृष्टीने ही उत्तम वस्ती. एका कुटुंबात नर-मादी, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची पिल्लं असतात. पिल्लं दोन वर्षांची झाली की वसंतात घर सोडून नवा ओढा शोधायला निघतात. तुम्ही आजचं कुटुंब काढलंत, तर आसपासच्या खोऱ्यातून बाहेर पडलेलं एखादं तरुण जोडपं वर्ष-दोन वर्षांत तिथे येऊन बसेल, आणि त्यांना बांधाचा पायाही तयार मिळेल. वीस मैलांत दुसरे बीव्हर नसते तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. कॅट्सकिलमध्ये तशी परिस्थिती नाही.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेते. तुम्हाला त्रास नेमका कशाचा आहे? पाण्याची पातळी, मोरीचं तोंड आणि झाडं, या तीन गोष्टींचा. तिन्हींवर उपाय आहेत, आणि बहुतेक जागी ते बीव्हर तिथेच ठेवून करता येतात. हे मी प्राणिप्रेमातून सांगत नाही. खर्च आणि दगदग यांचा हिशोब केला तर बहुतेक वेळा हेच स्वस्त पडतं. ज्या जागी पडत नाही तिथे काय करायचं तेही पुढे येईल.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात एक गोष्ट नाही, आणि सगळं त्यावर ठरतं. बांधाच्या आत्ताच्या माथ्यापासून लीच फील्ड किती उंचीवर आहे? 'पाणी सरकतंय' हे डोळ्यांनी पाहून कळतं, पण उंची मोजल्याशिवाय काहीही ठरवू नका. सपाट जागेत पाणी एक फूट चढलं तर एकरभर पसरतं. उभ्या काठात तेच एक फूट कुणाच्या लक्षातही येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने लेझर लेव्हल मिळते. तीही नको असेल तर गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी चालेल. पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोका, तिच्यावर आजची पातळी खूण करा, तारीख लिहा. मग तिथून लीच फील्डच्या जमिनीची उंची, रस्त्याच्या सर्वांत खोलगट जागेची उंची, मोरीच्या तळाची आणि माथ्याची उंची, आणि विहिरीच्या तोंडाची उंची घ्या. एका कागदावर हे पाच आकडे आले की निम्मं काम झालं.

सेप्टिकबद्दल दोन आकडे पाठ ठेवा. न्यू यॉर्क राज्याच्या नियमानुसार लीच फील्ड ओढा, तळं किंवा पाणथळ यांपासून किमान १०० फूट लांब हवं, आणि त्याच्या चरांचा तळ भूजलाच्या वर किमान २ फूट हवा. पाणी पृष्ठभागावर अजून ६० फूट लांब दिसत असलं तरी जमिनीखालचं भूजल आधीच वर आलेलं असतं, हे लोक विसरतात. संडासचं फ्लश संथ जाणं, चरांवर गवत फार हिरवं दिसणं, पावसानंतर वास येणं, ही लक्षणं असतील तर बीव्हर बाजूला ठेवून आधी सेप्टिकवाल्याला बोलवा. तुमचा ओढा न्यू यॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पाणलोटात येत असेल, आणि डेलावेअर काउंटीचा बराच भाग कॅननस्व्हिल आणि पेपॅक्टन जलाशयांमुळे त्यात येतो, तर सेप्टिकचे नियम आणखी कडक आहेत. पण त्याच भागात बिघडलेल्या सेप्टिकच्या दुरुस्तीसाठी आर्थिक मदतीच्या योजनाही आहेत. विचारून ठेवायला हरकत नाही.

तुम्ही बांध फोडलात तो परत का उभा राहिला, हे समजलं तर पुढचा उपायही समजतो. बीव्हर बांध घालतो तो मुख्यतः आत्मरक्षणासाठी. जमिनीवर तो जड आणि मंद आहे. चाळीस-पन्नास पौंडांचं धूड, कोयोट (लांडग्याच्या जातीचा इथला प्राणी) किंवा अस्वल मागे लागलं तर पळू शकत नाही. पाण्यात मात्र त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून घराचं दार पाण्याखाली राहील आणि हिवाळ्यात वर बर्फ गोठला तरी खालून पोहत साठवलेल्या फांद्यांपर्यंत जाता येईल, इतकी खोली त्याला हवीच असते. ती खोली कमी होतेय हे त्याला कसं कळतं? वाहत्या पाण्याच्या आवाजावरून आणि अंगाला जाणवणाऱ्या ओढीवरून. स्वीडनमध्ये लार्स विल्सन या संशोधकाने बीव्हरांना ध्वनिवर्धकावरून नुसता वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला, तर त्यांनी त्या आवाजाच्या जागी काटक्या आणि चिखल आणून रचला. तुम्ही कुदळीने बांधाला भगदाड पाडता तेव्हा तुम्ही नेमका हाच आवाज मोठ्याने वाजवत असता. अख्खं कुटुंब रात्री कामाला लागतं. शिवाय नवं बांधकाम म्हणजे नवी लाकडं, म्हणजे तुमची आणखी झाडं.

आणि एक धोका. भगदाड एकदम मोठं पडलं तर साचलेलं सगळं पाणी गाळासकट खाली सुटतं. खालच्या बाजूला शेजाऱ्याचं कुरण, टाउनचा म्हणजे गावाचा सार्वजनिक रस्ता, त्याखालची मोरी. तिथे काही वाहून गेलं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. जुन्या काळी इथले शेतकरी डायनामाइट लावून बांध उडवत. तुमच्या शेजाऱ्याचे आजोबाही कदाचित. ते ऐकायला मजेदार आहे, करायला नाही.

कायद्याचं इथेच सांगून टाकते. न्यू यॉर्कमध्ये स्वतःच्या जमिनीवरही बीव्हरचा बांध किंवा घर परवानगीशिवाय मोडता येत नाही. परवानगी राज्याचा पर्यावरण विभाग देतो, इथे सगळे त्याला डीईसी म्हणतात. त्यांच्या विभागीय वन्यजीव कार्यालयाला फोन करायचा, नुकसान काय ते सांगायचं, फोटो द्यायचे. खऱ्या नुकसानीसाठी परवाना मिळणं अवघड नाही. ओढा संरक्षित वर्गात असेल किंवा जागा राज्याच्या नियमांखाली येणारी पाणथळ असेल तर त्याची परवानगी वेगळी लागू शकते, तेही त्याच फोनमध्ये विचारा. आतापर्यंत फोडलात ते झालं. यापुढे कागद हातात असल्याशिवाय कुदळ उचलू नका. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल आणि हे वाचत असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ च्या सार्वमतानंतर सापळ्यांचे नियम पार वेगळे झाले, आणि तिथे तातडीची परवानगी गावाच्या आरोग्य मंडळाकडून घ्यावी लागते. राज्य बदललं की पहिला फोन बदलतो.

आता पाणी उतरवण्याचं तंत्र. इथे त्याला पॉन्ड लेव्हलर म्हणतात. कल्पना साधी आहे. बांध तसाच ठेवायचा, त्यात एक खाच करायची, आणि त्या खाचेतून साधारण बारा इंच व्यासाची, आतून गुळगुळीत असलेली प्लॅस्टिकची पन्हळी नळी टाकायची. नळीचं वरचं तोंड बांधापाशी ठेवायचं नाही; ते तळ्यात पंचवीस-तीस फूट आत, खोल पाण्यात न्यायचं आणि त्याभोवती जाड तारेचा, पाच-सहा फूट रुंद गोल पिंजरा बसवायचा. बांधातून जाताना नळीचा जो सर्वांत उंच बिंदू, तीच तळ्याची नवी पातळी. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा वरचा एक बरगा, म्हणजे आडवी फळी, काढला की पाणी तेवढंच उतरून थांबतं, तसंच हे. फरक इतकाच की कुठला बरगा काढलाय ते बीव्हरला सापडत नाही. पाणी खोलवरून, मोठ्या पिंजऱ्यातून हळूहळू आत शिरतं, त्यामुळे आवाज नाही आणि ओढही जाणवत नाही. तो नेहमीप्रमाणे बांधाची डागडुजी करत राहतो, नळीच्या आजूबाजूला चिखलही लावतो. लावू द्या.

या कामातल्या बारीक गोष्टीच ते टिकवतात किंवा बुडवतात. पिंजऱ्यासाठी काँक्रीटच्या स्लॅबमध्ये घालतात ती सहा बाय सहा इंच चौकोनांची जाळी घ्या. कोंबड्यांची जाळी घेऊ नका. ती पानांनी चोंदते आणि बीव्हर ती सहज वाकवतो. पिंजरा जिथे बसवाल तिथे पाणी कमीत कमी तीन फूट खोल हवं, आणि पिंजऱ्याला तळही जाळीचा हवा. नळी पाण्यात तरंगते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला हवा निघायला भोकं पाडायची, काँक्रीटचे ठोकळे बांधायचे आणि लोखंडी खांबांना जखडायचं. बर्फ नळीला उचलतो, हेही लक्षात ठेवा.

पातळी किती उतरवायची? इथे घाई नडते. एका वेळी फूटभर, त्याहून फार नाही. एकदम तीन फूट उतरवलंत तर बीव्हरच्या घराचं दार उघडं पडतं. मग तो त्या तळ्याचा नाद सोडून शंभर फूट खाली किंवा वर नवा बांध घालायला घेतो, आणि तुमची नळी कोरड्यात पडून राहते. तुमच्या पाच आकड्यांवरून दिसलं की सेप्टिक वाचवायला पाच फूट उतरवावं लागेल आणि त्यानंतर तळ्यात एखादा फूटच पाणी उरेल, तर लेव्हलर तुमच्यासाठी नाही, सरळ पुढच्या पर्यायाकडे या. फूट-दीड फुटात काम भागत असेल, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच जागी भागतं, तर हाच उपाय.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवते. नळी रोजचा प्रवाह सांभाळते, पूर सांभाळत नाही. मोठ्या पावसात किंवा मार्चमध्ये बर्फ वितळताना पाणी बांधावरून वाहील, आणि मग काही दिवसांत परत नळीच्या पातळीला येईल. ते काही दिवसही सेप्टिकला परवडणार नसतील तर तो हिशोब आधी करा. आणि ओढ्यात ट्राउट असतील तर माशांच्या ये-जा करण्याबद्दल डीईसीला विचारा, ते स्वतःहूनही विचारतील.

मोरीचा प्रश्न वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर सोपा. बीव्हरच्या नजरेतून तुमचा रस्ता म्हणजे कुणीतरी आयता बांधून दिलेला शंभर फुटी बांध, ज्याला मध्ये दोन फुटांचं एकच भोक राहून गेलंय. ते बुजवलं की काम फत्ते. मोरीच्या तोंडावर सरळ जाळी ठोकणं हा सगळ्यांच्या मनात येणारा पहिला उपाय, आणि तो चुकतोच, कारण त्या जाळीवर काटक्या रचणं भोक बुजवण्याहून सोपं असतं.

स्किप लाइल नावाच्या वन्यजीव तज्ज्ञाने मेन राज्यात, पेनॉबस्कॉट या मूळनिवासी समाजाच्या जमिनीवर काम करताना, यावर जे कुंपण बसवलं त्याला बीव्हर डिसीव्हर म्हणतात. आता त्याची अनेक रूपं आहेत, तत्त्व एकच. कुंपण मोरीच्या तोंडापाशी अरुंद आणि तळ्याकडे जाताना रुंद होत जातं. वरून पाहिलं तर समलंब चौकोन. एकूण घेर चाळीस फूट किंवा जास्त. बीव्हर मोरीच्या कडेपासून काटक्या लावायला घेतो, पण कुंपणाच्या कडेने पुढे सरकताना तो आवाजापासून लांब लांब जातो. त्याला ते पटत नाही. आणि चाळीस फूट घेर बुजवणं एरवीही दोन फुटांचं भोक बुजवण्यापेक्षा कितीतरी जास्त काम आहे. जाळी इथेही सहा इंची, म्हणजे पानं, मासे, कासवं निघून जातात, मोठा बीव्हर जात नाही. तळालाही जाळी घाला किंवा खालची कड दगडांनी पक्की दाबा, नाहीतर तो खालून उकरतो. जिथे पाणी फार साचून राहतं तिथे या कुंपणातूनच लेव्हलरची नळी काढतात.

मोरी तुमच्या खासगी रस्त्याखाली आहे म्हणून हे तुम्ही करू शकता. ती टाउनच्या रस्त्याखाली असती तर स्वतः हात लावायचा नाही; टाउनच्या हायवे सुपरिंटेंडंटला सांगायचं. आणि मोरी आत्ता चोंदलेली असताना ती मोकळी करायला समोरून आत वाकू नका. मागे पाणी तुंबलेलं असतं. गाळ सुटला की माणूस आत ओढला जाऊ शकतो. लांब दांड्याचा आकडा घ्या, रस्त्यावर उभं राहून काढा, आणि एकटे असताना नकोच.

झाडांचं थोडक्यात. सफरचंद, पॉपलर, विलो, बर्च ही आवडीची. बहुतेक तोड पाण्यापासून शे-दीडशे फुटांच्या आत होते, म्हणून सगळ्या २२ एकरांची काळजी करायचं कारण नाही. जी झाडं वाचवायची त्यांच्या बुंध्याभोवती दोन बाय चार इंची वेल्डेड जाळी, खोडापासून चार-सहा इंच मोकळी ठेवून. उंची मोजताना बर्फ धरायचा: तुमच्याकडे साचणाऱ्या बर्फाच्या वर तीन फूट. बीव्हर बर्फावर उभा राहून कुरतडतो हे पहिल्या हिवाळ्यात कुणाच्याच ध्यानात येत नाही. जाळी कुरूप वाटत असेल तर बाहेरच्या कामाच्या रंगात गवंडी वापरतो ती बारीक वाळू कालवून खोडाला चार फूट उंचीपर्यंत लावा. गॅलनभर रंगाला साधारण वीस औंस वाळू पुरते. दाताखाली वाळू आली की तो सोडून देतो. कोवळ्या रोपांना मात्र हा रंग लावू नका, त्यांना जाळीच.

अर्धवट कुरतडलेलं झाड रस्त्याकडे किंवा घराकडे झुकलेलं असेल तर ते आधी पाडून घ्या. फांद्या पाण्याकाठीच टाका. त्याला आयतं खाणं मिळालं तर तो पुढच्या झाडाला हात लावायची घाई करत नाही. पाण्यात मुळं बुडालेली झाडं वर्ष-दोन वर्षांत मरतात, ती परत येणार नाहीत. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

फिनेलच्या गोळ्या, लुकलुकणारे दिवे, रात्रभर चालू ठेवलेला रेडिओ, कोल्ह्याचं मूत्र, याबद्दल तुम्ही विचारलंत. थोडे दिवस काम करतात असं वाटतं, मग तो सरावतो. फिनेलच्या गोळ्या पाण्याजवळ टाकणं तर घातक आहे आणि बेकायदाही. बीव्हरसाठी मान्यता मिळालेलं एकही विष या देशात नाही, तेव्हा तो विचारही नको.

मग ज्या जागी लेव्हलर बसत नाही तिथे काय? तळं मुळातच उथळ, सेप्टिक मुळातच खाली, विहीर उघडी आणि घरात लहान मूल. अशा जागी मी सापळेवाल्याला बोलवा असंच सांगते, आणि त्यात मला अपराधी वाटत नाही. पण परवानाधारक माणसालाच बोलवा. राज्यात सापळ्यांचा हंगाम ठरलेला आहे, साधारण हिवाळ्याचे महिने, विभागागणिक तारखा वेगळ्या. हंगामाबाहेर डीईसीचा परवाना लागतो. बीव्हरसाठी वापरला जाणारा मोठा कॉनिबेअर सापळा क्षणात जीव घेतो, म्हणून तो त्यातल्या त्यात कमी क्रूर मानतात. पण त्यात कुत्रं अडकलं तर तेही वाचत नाही. तुमच्याकडे कुत्रा आहे असं तुम्ही लिहिलंयत. सापळे लागलेले असतील तितके दिवस तो पट्ट्यात ठेवा.

गोळ्या घालण्याबद्दल: बीव्हर बाहेर पडतात संध्याकाळी आणि रात्री, तेव्हा नेम धरून मारणं अवघड, पाण्यावरून गोळी उसळते, आणि एक मारला तरी बाकी कुटुंब बांध दुरुस्त करतच राहतं. शेजाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आईंचा प्रश्न असा आहे की पकडून दुसरीकडे का सोडत नाहीत. पूर्वी सोडत असत. आयडाहो राज्याने १९४८ मध्ये ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने जंगलात उतरवले होते, हे त्यांना सांगा, हसतील. पण आज न्यू यॉर्कमध्ये अशी परवानगी सहसा मिळत नाही, कारण ज्या चांगल्या ओढ्यात सोडणार तिथे आधीच कुणीतरी राहतं. नवा आलेला प्राणी मारामारीत जखमी होतो किंवा खाली वाहत जाऊन दुसऱ्या कुणाची मोरी बुजवतो. याच राज्यात १९०० च्या सुमारास बीव्हर जवळजवळ संपले होते. डच वसाहतीच्या काळापासून फरपासून केलेल्या टोप्यांसाठी इतके मारले की न्यू यॉर्क शहराच्या मुद्रेवर बीव्हर उरला, ओढ्यात नाही. मग राज्याने बाहेरून आणून सोडले आणि १९७५ मध्ये त्याला राज्यप्राणी केलं. आज जागा भरलेल्या आहेत. आईंच्या मनासारखं व्हायचं असेल तर वाट लेव्हलरचीच.

पिण्याच्या पाण्याचं एक राहिलं. बीव्हरच्या पाण्यात जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो. पोट बिघडतं आणि लवकर सुटत नाही. इथे त्याला बीव्हर फीव्हरच म्हणतात, जरी तो माणसांकडून आणि कुत्र्यांकडूनही पाण्यात येतो. तुमची विहीर खोल बोअर असेल आणि तोंड जमिनीच्या वर बंद असेल तर फारसा धोका नाही. उथळ जुनी विहीर किंवा झऱ्याचं पाणी असेल तर तपासून घ्या, आणि निकाल येईपर्यंत उकळून प्या.

आता क्रम. हे ऑगस्टमध्ये लिहितेय आणि वेळ महत्त्वाची आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून बीव्हर हिवाळ्याच्या तयारीला लागतात, बांध उंचावतात, फांद्या साठवतात. त्यांच्या आधी तुमचं काम व्हायला हवं. या आठवड्यात खुंटी आणि पाच आकडे, आणि डीईसीला फोन. सेप्टिकची लक्षणं असतील तर त्याच दिवशी सेप्टिकवाल्याला. परवानगी आली की आधी मोरीचं कुंपण, कारण रस्ता वाहून गेला तर बाकी सगळं करायला पोचताही येणार नाही. मग लेव्हलर, पहिल्या टप्प्यात फूटभर. सफरचंदाच्या उरलेल्या झाडांना जाळी तुम्ही परवानगीची वाट न पाहता उद्याही लावू शकता. डिसेंबरनंतर पातळी उतरवायला जाऊ नका. वर बर्फ गोठल्यावर खालचं पाणी काढलं तर बीव्हर आत अडकून उपाशी मरतात, आणि मग जीव वाचवायचा म्हणून केलेल्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

खर्चाचं विचारलंत. सामान स्वतः आणून दोन धडधाकट माणसांनी केलं तर लेव्हलर काही शे डॉलरमध्ये होतो. अनुभवी माणसाकडून करून घेतला तर आकडा हजारांत जातो, आणि जागा अडचणीची असेल तर आणखी चढतो. मी म्हणेन मोरीचं कुंपण स्वतः करा, लेव्हलर पहिल्यांदा तरी जाणकाराकडून बसवून घ्या. नंतरची देखभाल तुमचीच: वसंतात एकदा, पानगळीनंतर एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पिंजऱ्यावरचं गवत आणि काटक्या काढायच्या. हे न करणाऱ्याकडे कुठलीही नळी टिकत नाही.

खालच्या शेजाऱ्याशी काम सुरू करण्याआधी बोला. पहिले काही दिवस त्याच्या ओढ्याला पाणी जास्त येईल आणि गढूळ येईल. त्याची गुरं तिथे पीत असतील तर त्याला आधी कळलेलं बरं.

पाच आकडे, मोरीचा व्यास आणि मोरीच्या वरच्या तोंडाचा एक फोटो पाठवा. कुंपणाच्या बाजू किती लांब हव्यात आणि नळी बारा इंची पुरेल की पंधरा इंची लागेल, ते त्यावरून सांगते.